मुळ्याच्या चकतीवरचं गाणं

मी आयुष्यात एकदाच नाचलो, आणि नेमका तेव्हाच समोर कॅमेरा होता. जानेफळच्या आमच्या मळ्यात, मिरचीच्या वाफ्यात उभं राहून साधारण चार मिनिटं मी जे काही केलं, ते फिल्मवर उतरलेलं आहे. ती फिल्म बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अजून जपून ठेवलेली आहे. ज्यांनी ज्यांनी ती पाहिली, ते सगळे आजही माझ्याशी नीट बोलतात, हा त्यांचा मोठेपणा.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती आणि मला बी.ए.त नापास होऊन दोन. वडिलांचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, फूलकोबी. मी मात्र मेहकरला बसस्टँडजवळ लाऊडस्पीकरचं दुकान टाकलं होतं. दुकान म्हणजे दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड लावायचं मशीन आणि माझी ऐट. लग्न असो की सत्यनारायण, भोंगा माझाच. वडिलांचं त्यावर एकच म्हणणं होतं, "गावाचे कान फोडाले तुले कॉलेजात घातलं होतं काय बे?"

खामगावच्या एका भंगारवाल्याकडून मी जुन्या रेकॉर्डींचा गठ्ठा आणला होता. भजनं, पोवाडे, कुणाच्या तरी भाषणाच्या दोन. त्यात तळहाताहून जरा मोठी एक परदेशी रेकॉर्ड निघाली. वर कागदाचं फाटकं पाकीट, त्यावर गायकाचा फोटो. काळासावळा देखणा माणूस, डोक्याभोवती गोल गरगरीत केस, शर्टाच्या कॉलरी खांद्यापर्यंत. एक पाय पुढे, एक हात वर. अशा गाण्याला फंक म्हणतात, सोल म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मेहकर तालुक्यात त्याचं नाव 'हं-वालं गाणं' असं पडलं, कारण तो माणूस दर ओळीनंतर पोतं उचलणाऱ्या हमालासारखा पोटातून 'हं!' करायचा.

पण ती वाजवणं सोपं नव्हतं. तिच्या मधलं भोक एवढं मोठं होतं की माझ्या मशीनच्या पेन्सिलीएवढ्या दांडीवर ती नुसती डुगडुगायची. सुताराकडून लाकडाची चकती करून आणली, तर ती केसभर एका अंगाला गेली आणि गायक दारू पिऊन गायला लागला. शेवटी आई कोशिंबिरीला मुळा चिरत होती, तिच्या पुढ्यातली एक जाड चकती मी उचलली. कडा जरा तासल्या, भोकात दाबली, मधोमध दांडी टोचली. गाणं सरळ चाललं! तेव्हापासून दर वेळी ताजा मुळा. शिळी चकती सुकून आक्रसायची आणि गायक पुन्हा झिंगायचा. उन्हाळ्यात बटाटा चालवून घ्यायचो, पण मुळ्याची सर नाही.

मार्गशीर्षातल्या एका लग्नात ती आली. नवरीची मामेबहीण, वडनेर भोलजीची. बायका फराळाला बसल्या होत्या आणि ती सरळ माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"थे हं हं करते थे गाणं पुन्हा लावा ना," ती म्हणाली.

मी लावलं. तिनं मशीनमध्ये डोकावून पाहिलं, "हा मुळा आहे काय?" असं विचारलं आणि पदर तोंडाला लावून हसत निघून गेली. मी ते गाणं त्या दिवशी अकरा वेळा वाजवलं. शेवटी नवरदेवाचे काका येऊन म्हणाले की आता मंगलाष्टकं होऊ द्याल का. मी ठरवून टाकलं होतं की लग्न करीन तर हिच्याशीच.

मी आईला सांगितलं, आईनं वडिलांना, वडिलांनी नात्यातल्या एका मामांना आणि मामा वडनेरला जाऊन आले. मुलीच्या वडिलांचा निरोप चांगला नव्हता. कापसाचे मोठे शेतकरी, स्वभाव तापट, त्यात बैलानं पाडल्यामुळे पाय प्लास्टरमध्ये. त्यांचं म्हणणं असं, की पोरगा भोंगेवाला आहे असं ऐकतो. असा पोरगा शेताच्या धुऱ्याबांधावर तरी जाते काय? मले येऊन पाहता येत नाही, आणि पाहिल्याशिवाय मी पोरगी देत नाही. शिवाय नांदुऱ्याचं एक स्थळ आलेलं होतं. तो मुलगा स्वतः वखर हाकायचा म्हणे. महिन्याभरात प्लास्टर निघालं की ते तिकडे होकार देणार होते.

खरं सांगायचं तर त्यांचा संशय शंभर टक्के बरोबर होता. मी मळ्यात जायचो तो फक्त मुळा उपटायला.

मेहकरला माझा एक फोटोग्राफर मित्र होता. त्यानं बुलढाण्याच्या एका निवृत्त साहेबाकडून हलता सिनेमा काढायचा छोटा कॅमेरा आणि तो दाखवायचं मशीन घेतलं होतं. आवाज नाही, रंग नाही, चावी दिली की अर्धं मिनिट चालायचा. तो म्हणाला, "त्यांले येता येत नाई ना? मग मळाच तठी नेऊ. तू वखरतानी, पाणी देतानी, निंदतानी. चार मिन्टाची फिल्म आहे माह्याकडे. एकच आहे, ध्यानात ठेव."

इतकी शहाणी सूचना माझ्या आयुष्यात मला कुणी केली नव्हती. मी ती तिथेच नासवली. कारण त्याच मित्रानं बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली. परदेशात म्हणे एकेका गाण्याचा सुटा सिनेमा काढतात, गाणं सुरू झाल्यावर सुरू आणि गाण्याबरोबर खलास, मधे गोष्ट वगैरे काही नाही. माझ्या डोक्यात ते जे घुसलं ते निघेना. तिला गाणं आवडलं होतं. मग गाण्याचाच सिनेमा का नको? तिच्या वडिलांना शेत पाहायचं ना, शेत मागे दिसेलच!

मी तयारीला लागलो. मेहकरच्या टेलरकडून बेलबॉटम शिवून घेतली, खालचा घेर एवढा की एका पायाच्या कापडात माझ्या धाकट्या भावाची चड्डी झाली असती. शर्ट पोपटी. फिल्म काळीपांढरी आहे हे मला माहीत होतं, तरी पोपटीच घेतला. केस गोल फुलावेत म्हणून ओले करून ज्वारीच्या धांड्याच्या तुकड्यांना गुंडाळले आणि दिवसभर डोक्यावर आईचं लुगडं बांधून बसलो. डावी बाजू फुलली. उजवी बाजू जशी होती तशीच राहिली.

सकाळी मळ्यात पोचलो तेव्हा वडील फावडं घेऊन फूलकोबीला पाणी देत होते. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता पाखरं नाई यायची."

मशीनला करंट मोटारीच्या खोलीतून ओढला होता. मोटार चालू असली की करंट कमी पडायचा आणि रेकॉर्ड रेंगाळायची. मी वडिलांना म्हटलं, "बाबा, चार मिनिटं मोटार बंद करा." ते म्हणाले, "लाइन आठ वाजता जाते. तुह्या नाचापायी कोबी तहानली ठेवू काय?" मोटार बंद झाली नाही. हं-वालं गाणं चढावर बैलगाडी चालावी तसं चालू लागलं.

आणि मी नाचलो. अशा गाण्यावर कसं नाचतात ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्याजवळ होता तो पाकिटावरचा एक फोटो. एक पाय पुढे, एक हात वर. तेवढं करून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मला पहिल्या दहा सेकंदांतच पडला. मग मी शाळेत शिकवलेली लेझीम सुरू केली. चार पावलं पुढे, चार मागे, बसून उठणे. हातात लेझीम नव्हती एवढाच फरक. मधेमधे फोटोतल्यासारखा हात वर. दर अर्ध्या मिनिटानं मित्र ओरडायचा, "थांब, चावी देतो!" आणि मी एक पाय हवेत धरून तसाच थांबायचो.

मागून वडिलांचा आवाज यायचा. "मिरची तुडवून राह्यला ना बे!" मग थोड्या वेळानं, "सरक बे बाजूले, पाणी येऊन राह्यलं!" मी सरकलो नाही. बेलबॉटमचा घेर चिखलानं भरला, तो इतका जड झाला की शेवटच्या मिनिटात माझे पाय जमिनीवरून उचलतच नव्हते. मला मात्र वाटत होतं की मी त्या पाकिटावरच्या माणसाचा सख्खा भाऊ दिसतो आहे.

फिल्म धुवायला मुंबईला पाठवली, ती तीन आठवड्यांनी आली. प्लास्टर निघायला चार दिवस उरले होते. मी, मित्र आणि मामा असे तिघं एसटीनं खामगाव करून वडनेरला गेलो. वडील आले नाहीत. म्हणाले, मिरची तोडायची आहे, जेवढी राहिली तेवढी.

संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की करंट पडतो म्हणून दुपारचाच कार्यक्रम ठरला. कापूस भरायच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. भिंतीवर मुलीच्या वडिलांचं पांढरं धोतर ताणून बांधलं. ते स्वतः बाजेवर, पाय उशीवर. त्यांचे दोन भाऊ खाली सतरंजीवर. बायका दाराशी, आणि त्यांच्या मागे ती.

मी रेकॉर्डचं मशीन उघडलं. घरून आणलेली चकती प्रवासात सुकून बटणाएवढी झाली होती. सगळी खोली माझ्याकडे पाहत होती. मी घसा साफ करून म्हणालो, "जरा एक मुळा मिळेल काय?"

दोन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मामांनी डोळे मिटून घेतले. मुलीचे वडील म्हणाले, "पाहुणे उपाशी आहेत काय? जेवण वाढा म्हणा." मी घाईनं म्हणालो, "नाही नाही, फक्त मुळा." आत निरोप गेला. थोड्या वेळानं ती स्वतः ताटली घेऊन आली. मुळा स्वच्छ धुऊन, सोलून, गोल चकत्या करून वर मीठ भुरभुरलं होतं. ताटली ठेवताना ती हळूच म्हणाली, "जाडी चालते ना?" त्या घरात तो मुळा कशाला हवा हे कळणारी ती एकटीच होती. मी एका चकतीवरचं मीठ शर्टाला पुसलं आणि ती रेकॉर्डीत बसवली.

सिनेमा सुरू झाला. तिथला करंट सरकारी कृपेनं त्या दुपारी फुल्ल होता. मळ्यात रेंगाळलेलं गाणं इथे तरतरीत धावू लागलं, आणि पडद्यावर मी, मळ्यातल्या रेंगाळणाऱ्या गाण्यावर, आपली लेझीम खेळत होतो. गायक 'हं!' करून पुढच्या ओळीला जायचा, तेव्हा माझा मागच्या ओळीतला हात वर यायचा. डोक्याची एक बाजू फुललेली.

कुणी हसलं नाही. ते सगळे पुढे झुकून पाहत होते, आणि मला कळेना की काय पाहतायत.

"कोबी आहे का फूलकोबी?" एक भाऊ म्हणाला.

"फूलकोबी. गड्डा पाह्य केवढा आहे!"

"पाट पाह्य किती जाडा वाह्यते. विहिरीले पाणी असंन बरं."

मग मुलीचे वडील बोलले. "थो मांगं कोन आहे?"

"माझे बाबा," मी म्हणालो.

"माणूस थांबून नाई राह्यला." मग पडद्यावरच्या माझ्या पायांकडे बोट करून म्हणाले, "तुमी मिरचीत उभे आहा."

एवढ्यात गाणं संपलं. पडद्यावरचा मी संपलो नव्हतो. जवळजवळ अर्धं मिनिट, मशीनच्या खडखड आवाजात, मी त्या धोतरावर एकटाच नाचत राहिलो. चार पावलं पुढे, चार मागे. मरण यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आणि त्या शांततेत दाराकडून ती हसली. तोंडावर पदर नव्हता बहुतेक, खळखळून हसली. कुणीतरी तिला दटावलं. माझं संपलं होतं. नांदुऱ्याचा वखरवाला मला स्पष्ट दिसत होता.

तिच्या वडिलांनी मित्राला सांगितलं, "पुन्हा लावा. गाणं नका लावू."

त्यांनी तो सिनेमा आणखी दोनदा पाहिला. पंचायतीत बसल्यासारखे. परतताना एसटीत मामा खामगाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. खामगावला चहा घेताना म्हणाले, "मुळा!"

आठ दिवसांनी निरोप आला. घर पसंत आहे. ज्या बापाचा असा मळा, त्या घरी पोरगी उपाशी राहत नाही. मात्र पोरानं भोंगे ठेवून एक हंगाम बापाच्या हाताखाली पाणी द्यावं, मग तारीख काढू. मी भोंगे मित्राकडे टाकले आणि हंगामभर पाणी दिलं. पाट फोडले, वाफे बुडवले, एकदा स्वतःच विहिरीच्या हौदात पडलो. वडील मागून येऊन सगळं नीट करायचे. नाचाबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत, आणि त्यांना तो किती फालतू वाटला असेल या विचारानं मीही कधी विषय काढला नाही. तिनं होकार का दिला, हे विचारायची मला गरज वाटली नाही. गाण्यामुळे. आणि थोडा माझ्यामुळे.

दुकान पुढे चाललं, मळाही चालला. वर्षातून एखाद्या वेळी, कुणी पाहुणे आले की मी तो सिनेमा लावायचो. हसण्यासाठी म्हणून लावायचो, पण पाहायचो मनापासून. डावा पाय तेव्हा बरा उचलला होता, इथे जरा घाई झाली, असं.

वडील गेले ते एका पहाटे, झोपेत. तेराव्याला फोटो ठेवायचा तर घरात त्यांचा फोटोच नव्हता. होता तो आमच्या लग्नातला, त्यात त्यांचं अर्धं तोंड भटजींच्या मागे. मी पेट्या उपसत बसलो होतो, तेव्हा बायको म्हणाली, "तुमचा सिनेमा काढा ना. त्याच्यात आहेत ना मामंजी."

"त्यात कुठे? त्यात मी आहे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमी अजून पाह्यलंच नाई काय?"

दार लावून, खिडकीवर गोधडी टाकून मी मशीन सुरू केलं. तिनं पडद्याजवळ जाऊन बोट ठेवलं. शेवटचं अर्धं मिनिट, माझ्या वर गेलेल्या हाताच्या खाली, मोटारीच्या खोलीजवळ. वडील फावड्यावर रेलून उभे होते. इकडेतिकडे पाहिलं. मग पाटातल्या पाण्यात त्यांचा उजवा पाय हलायला लागला. आधी अंगठा, मग टाच. मग खांदे. एकदा, अगदी 'हं!' यावा तिथे, त्यांनी फावडं डाव्या हातात घेतलं, एक पाय पुढे टाकला आणि उजवा हात वर केला. थेट पाकिटावरच्या फोटोतल्यासारखा. लगेच खाली घेतला, पुन्हा इकडेतिकडे पाहिलं आणि पाणी वळवायला वाकले.

माझ्यापेक्षा चांगले नाचले होते.

"त्या दिवशी मी तुमाले थोडीच हासली होती," बायको म्हणाली. "मी मामंजीले हासली. म्हटलं, ज्या घरचा सासरा असा आहे तठी जाऊ. लग्न झाल्यावर म्या त्यांले एकडाव विचारलं बी, तं ते म्हणे, त्याले नको सांगू पोरी. त्याले वाटते थो एकटाच नाचला, वाटू दे."

इतकी वर्षं. मी ती फिल्म तीसेक वेळा तरी पाहिली असेल, तेही त्यांच्यासोबत, याच खोलीत, ते बाजेवर बसून आणि मी मशीनजवळ. आणि दर वेळी मी पडद्यावर एकाच माणसाकडे पाहिलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

फोटोसाठी एखादं चित्र थांबवून घेता येईल म्हणून मी फिल्म पुन्हा मागे घेतली. वडिलांचा चेहरा समोरून दिसतो अशी एकच जागा होती, हात वर करतात ती. तिथे बेलबॉटम घातलेलं एक पोरगं मधे येत होतं. मी पुन्हा लावली. पुन्हा मधे आलं.

"सरक बे बाजूले," मी त्याला म्हणालो.

ते सरकलं नाही. मिरचीत उभं राहून, एका बाजूचे केस फुलवून, नाचतच राहिलं.